पाठीवरची खूण: देशभक्तिपर स्मृतिप्लेट कोणी घडवली हे कसं शोधावं

16 ऑगस्ट 1824 रोजी लाफायेत न्यूयॉर्कच्या कॅसल गार्डनला उतरला. हा फ्रेंच सेनानी अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांविरुद्ध लढला होता. उतारवयात पाहुणा म्हणून परत आला, तेव्हा अमेरिकेनं त्याला डोक्यावर घेतलं. त्या आगमनाचं चित्र छापलेल्या गडद निळ्या प्लेट्स बाजारात आल्या, आणि त्या घडवल्या होत्या इंग्लंडमध्ये. स्टॅफर्डशायर परगण्यातल्या कोब्रिज इथे जेम्स आणि राल्फ क्लूज या भावांचा कारखाना होता, तिथे. ज्यांना हरवल्याचा अभिमान अमेरिका मिरवत होती, त्यांच्याच भट्टीत तो अभिमान भाजून निघत होता.

स्मृतिप्लेटचा निर्माता शोधायला बसताना ही गोष्ट मनाशी पक्की करावी. समोरचा झेंडा, गरुड, राजाचा चेहरा किंवा वीराचं नाव यांवरून प्लेट कोणासाठी केली ते कळतं. कोणी केली ते पाठीकडून विचारावं लागतं. तिथेही ज्याचं नाव सर्वांत ठळक, तोच निर्माता असेल असं धरून चालता येत नाही. कच्ची प्लेट घडवून भाजणारा, तिच्यावर चित्र चढवणारा, मागणी नोंदवणारा आणि विकणारा असे चार वेगवेगळे हात एका प्लेटला लागलेले असू शकतात. हे हात एकेक करून सुटे करायचे.

आधी धुणं, मग उजेड

प्लास्टिकच्या टबात जुना टॉवेल अंथरा, कोमट पाणी आणि सौम्य साबण घ्या आणि मऊ ब्रशनं पाठ धुवा. ब्लीच कटाक्षानं टाळा. झिलईला, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या थराला, बारीक तडे असतील तर ते त्यांतून आत शिरतं आणि नंतर झिलईचे पापुद्रे सुटू शकतात. सोनेरी कड घासू नका. पाठीवर जुना कागदी लेबलाचा तुकडा चिकटलेला असेल तर धुण्याआधी त्याचा फोटो काढा आणि तो भाग कोरडा ठेवा. अशा लेबलावर दुकानाचं किंवा आयातदाराचं नाव असतं, आणि एकदा भिजून गेलं की ते पुन्हा मिळत नाही.

मग दहापट मोठं दाखवणारं भिंग, एक टॉर्च, मऊ पेन्सिल आणि पातळ कागद घेऊन बसा. प्लेट पालथी ठेवा, खोलीतला दिवा मालवा आणि टॉर्च जवळजवळ आडवी धरून पाठीवर तिरपा उजेड पाडा. सरळ उजेडात अजिबात न दिसणारी अक्षरं तिरप्या उजेडात सावली धरून उभी राहतात. टॉर्च सावकाश चारी बाजूंनी फिरवा, कारण एका दिशेनं सपाट वाटणारा ठसा दुसऱ्या दिशेनं स्पष्ट दिसतो. अक्षरं अर्धवट असतील तर त्यांवर पातळ कागद ठेवून पेन्सिलची बाजू हलकेच फिरवा. झिलईनं भरून गेलेला ठसा यातून बऱ्याचदा वाचता येतो. बुडाच्या कडेचा आतला भाग विसरू नका, कारण लहान ठसे तिथे दडलेले असतात.

खूण कशी उमटवली आहे

खूण वाचण्याआधी ती कोणत्या टप्प्यावर उमटली ते ठरवा. माझ्या मते सगळ्या तपासणीत ही पायरी सर्वांत मोलाची आहे, आणि घाईत नेमकी हीच वगळली जाते.

दाबलेला ठसा माती ओली असतानाच उमटतो. भाजलेल्या प्लेटवर तो नंतर उठवता येत नाही. म्हणून मातीत दाबलेलं नाव हे बहुतेक वेळा प्लेट घडवणाऱ्याचंच असतं, आणि इतर कोणत्याही खुणेशी विरोध आला तर माझा कौल त्याच्या बाजूनं जातो.

झिलईखाली छापलेली खूण प्लेट एकदा भाजून झाल्यावर, पण झिलई चढण्याआधी उमटते. त्यावरून बोट फिरवलं तर काहीच जाणवत नाही आणि भिंगातून पाहिलं तर रंग काचेच्या थराखाली दिसतो. हीही कारखान्याच्या आतली खूण. झिलईवरची खूण मात्र किंचित उंच लागते, तिरप्या उजेडात तिची चमक आजूबाजूच्या झिलईहून वेगळी दिसते आणि वापरानं ती झिजते. ती कारखान्याची असू शकते, पण कोऱ्या प्लेट्स विकत घेऊन त्यांवर चित्रं चढवणाऱ्या एखाद्या स्वतंत्र कार्यशाळेचीही असू शकते. फ्रान्समधल्या लिमोज शहराच्या मालावर हा भेद अगदी स्वच्छ दिसतो. हॅविलँडसारख्या कंपनीच्या प्लेटवर कोऱ्या भांड्याची हिरवी खूण झिलईखाली असते आणि सजावटीची खूण झिलईवर, वेगळ्या रंगात.

दोन खुणांची सर्वांत बोलकी गोष्ट रशियाची. 1744 मध्ये स्थापन झालेला शाही पोर्सेलीन (पातळ, पांढऱ्या चिनी मातीचा) कारखाना क्रांतीनंतर सरकारजमा झाला. गोदामात झारच्या काळातल्या कोऱ्या प्लेट्सचे ढीग पडून होते. 1918 पासून त्यांवर क्रांतीच्या घोषणा, विळा-हातोडा आणि लाल तारे रंगवले जाऊ लागले. त्यामुळे एकाच प्लेटच्या पाठीवर झिलईखाली दुसऱ्या निकोलसची हिरवी मोहोर आणि वर्ष, तर झिलईवर निळ्या रंगात विळा, हातोडा आणि दातेरी चाक असं दिसतं. झारची मोहोर कधी कधी रंगाच्या ठिपक्यानं झाकलेली असते. अशी प्लेट हाती आली तर खुणा एकमेकींना खोटं पाडत नाहीत. घडवणं आणि रंगवणं यांमध्ये काही वर्षं गेली आणि राज्य बदललं, एवढंच त्या सांगतात.

नाव कोणतं आणि नुसता शब्द कोणता

आता मजकूर वाचा. जे जे अक्षर दिसेल ते जसंच्या तसं उतरवून घ्या, ठिपके आणि आकडेसुद्धा. मग त्यातून निर्मात्याचं नाव नसलेले शब्द वजा करा. ‘आयर्नस्टोन’, ‘सेमी-पोर्सेलीन’, ‘बोन चायना’ ही मालाच्या प्रकाराची नावं. ‘वॉरंटेड’ म्हणजे दर्जाची हमी. ‘लिमोज’ हे शहर आहे, ‘बव्हेरिया’ प्रांत आणि ‘स्टॅफर्डशायर’ परगणा. त्या एकट्या परगण्यात कारखान्यांची संख्या शेकड्यांनी होती. सजवलेल्या पट्टीत मोठ्या अक्षरांत लिहिलेलं नाव बहुधा नक्षीचं किंवा मालिकेचं असतं.

उरलेल्यात नुसती आद्याक्षरं असतील तर निराश होऊ नका. स्टॅफर्डशायरच्या खुणांत शेवटचं अक्षर कधी कधी गावाचं असतं: बर्स्लेमसाठी बी, हॅन्लीसाठी एच, लाँग्टनसाठी एल, फेंटनसाठी एफ, टनस्टॉलसाठी टी. आद्याक्षरांचे धनी चार असले तरी त्यांतले लाँग्टनचे किती, असं विचारलं की यादी झपाट्यानं आखूड होते. तिथल्या दोरीच्या गाठीचं चिन्ह मात्र त्या परगण्याचं आहे. ते कित्येकांनी वापरलं, म्हणून त्यावरून एकाचं नाव निघत नाही.

नावातला एकेक स्वर तपासा. ‘वेजवुड’ या नावावर किती तरी जण फसतात. जोसाया वेजवुडनं 1759 मध्ये सुरू केलेल्या कारखान्याचा ठसा इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘जी’ नंतर ‘ई’ न घालता असतो. मध्ये ‘ई’ दिसली तर तो माल दुसऱ्याचा. ‘वेजवुड अँड कंपनी’ असं लिहिलेलं असेल तर तीही वेगळीच, टनस्टॉलची कंपनी. पुढे तिचं नाव इनॉक वेजवुड झालं आणि अमेरिकन स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीच्या सुमारास तिनंच ‘लिबर्टी ब्लू’ नावाची निळी-पांढरी मालिका काढली. चित्रं अमेरिकेच्या वसाहतकाळातल्या प्रसंगांची आणि पाठीवर ‘मेड इन इंग्लंड’. ही मालिका पाहून कोणी अठराव्या शतकाचा दावा केला, तर मालिकेचं नावच तो निकाली काढतं.

गरुड आणि सिंह

चिन्हांवरून देश ठरवण्याचा मोह होतो, म्हणून दोन उदाहरणं लक्षात ठेवावीत. बर्स्लेमच्या इनॉक वूड अँड सन्सनं अमेरिकी बाजारासाठी केलेल्या निळ्या प्लेट्सच्या पाठीवर पंख पसरलेला गरुड आहे. गरुड अमेरिकेचा, कारखाना इंग्रजांचा. उलट, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकी गिऱ्हाइकाला इंग्लिश माल अधिक विश्वासाचा वाटे, म्हणून बऱ्याच अमेरिकी कारखान्यांनी ब्रिटिश राजचिन्हाशी मिळतीजुळती सिंह आणि एकशिंग्याची खूण छापली. ओहायोतल्या होमर लाफलिन कंपनीची जुनी खूण याला सडेतोड उत्तर देते: तिच्यात अमेरिकी गरुड पाठीवर पडलेल्या ब्रिटिश सिंहावर स्वार झालेला आहे. ही एक खूण ओळखता आली की त्या काळातला सगळा बाजार डोळ्यांपुढे उभा राहतो.

खरंच ब्रिटिश राजचिन्ह असेल तर ढालीच्या मध्यभागी आणखी एक लहान ढाल आहे का ते भिंगातून पाहा. ती जर्मनीतल्या हॅनोव्हर राज्याशी असलेल्या संबंधाची खूण होती आणि 1837 मध्ये राजचिन्हातून गेली. मधली ढाल नसलेलं चिन्ह बहुधा त्यानंतरचं.

आयातदाराचं नाव

स्मृतिप्लेट बहुतेक वेळा कोणीतरी मागणी देऊन करून घेतलेली असते, म्हणून मागणी देणाऱ्याचं नाव पाठीवर ऐटीत बसलेलं असतं. न्यूयॉर्कच्या रोलँड अँड मार्सेलस या नावाच्या निळ्या प्लेट्स अमेरिकेत पुष्कळ आढळतात. काहींवर पूर्ण नाव, काहींवर चौकटीतली आद्याक्षरं. ही कंपनी आयातदार होती आणि माल स्टॅफर्डशायरच्या कुंभारांकडून येई. बॉस्टनची जोन्स, मॅकडफी अँड स्ट्रॅटन हीसुद्धा आयातदारच. तिचं नाव छापलेल्या ऐतिहासिक निळ्या प्लेट्सवर वेजवुडचा दाबलेला ठसा शोधा. तिरप्या उजेडाचं सगळं महत्त्व इथे पटतं. छापलेलं नाव विकणाऱ्याचं, दाबलेलं नाव घडवणाऱ्याचं. ‘खास अमुकसाठी बनवलेली’ असा मजकूर असेल तर ‘साठी’च्या पुढचं नाव गिऱ्हाइकाचं. कॅलिफोर्नियाच्या व्हर्नन किल्न्सच्या प्लेट्सवर असा मजकूर आणि कारखान्याचं नाव दोन्ही सापडतात.

काळ बांधून घ्या

निर्मात्याचं नाव मिळालं तरी त्याच नावाचा कारखाना दीडशे वर्षं चाललेला असू शकतो. नाव मिळालं नसेल, तर काळ ठरल्यावर उमेदवार कमी होतात. काळ सांगणाऱ्या खुणा पुढीलप्रमाणे.

देशाचं नाव: अमेरिकेच्या मॅकिन्ली जकात कायद्यामुळे 1891 पासून तिथे येणाऱ्या मालावर उगमदेशाचं नाव इंग्रजीत लिहिणं सक्तीचं झालं. म्हणून नुसतं ‘इंग्लंड’ असलेली प्लेट साधारणपणे 1891 नंतरची, आणि ‘मेड इन इंग्लंड’ बहुधा विसाव्या शतकातली. उलटा निष्कर्ष काढू नका. जो माल अमेरिकेला जाणारच नव्हता त्यावर देशाचं नाव नसू शकतं. जपानी मालावर 1921 पर्यंत ‘निप्पॉन’, मग ‘जपान’, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर 1947 ते 1952 या काळातल्या काही मालावर ‘ऑक्युपाइड जपान’ असतं. ‘यूएस झोन, जर्मनी’ लिहिलेली प्लेट युद्धोत्तर ताब्याच्या काळातली, तर ‘चेकोस्लोव्हाकिया’ लिहिलेली 1918 च्या आधीची असूच शकत नाही.

नक्षीची नोंदणी: 1842 ते 1883 या काळात ब्रिटनमध्ये नोंदवलेल्या नक्षीवर पतंगासारखी चौकट छापत. तिच्या शेंड्यावरच्या वर्तुळातला रोमन चार हा आकडा मातीच्या भांड्यांचा वर्ग दाखवतो आणि कोपऱ्यांतली अक्षरं नि आकडे तारीख सांगतात. 1867 पर्यंत वर्षाचं अक्षर वरच्या कोपऱ्यात असे, 1868 पासून उजव्या. 1884 पासून साधा क्रमांक सुरू झाला. तो एकपासून चढत गेला आणि 1900 उजाडेपर्यंत साडेतीन लाखांवर पोहोचला. हा क्रमांक अतिशय कामाचा, कारण नोंदणीच्या वह्या ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जपलेल्या आहेत आणि त्यांत नोंदणी करणाऱ्याचं नाव मिळतं. दोन सावधगिऱ्या: ही तारीख नक्षीच्या नोंदणीची असते, प्लेट त्यानंतर कितीही वर्षांनी घडलेली असू शकते, आणि नोंदणी करणारा कुंभारच असेल असं नाही, घाऊक व्यापारीही असतो.

कारखान्याची गुप्त दिनदर्शिका: वेजवुडनं 1860 पासून मातीत तीन अक्षरं दाबायला सुरुवात केली. पहिलं महिन्याचं, दुसरं कारागिराचं, तिसरं वर्षाचं. वर्षाची अक्षरं पुढे पुन्हा वापरली गेली, म्हणून ‘इंग्लंड’ आहे की नाही हे जोडीला पाहावं लागतं. रॉयल डोल्टनच्या काही खुणांशेजारी लहान आकडा असतो. 1927 मध्ये तो मिळवला की वर्ष येतं. म्हणजे 10 असेल तर 1937, नेमकं सहाव्या जॉर्जच्या राज्याभिषेकाचं वर्ष.

डिशवॉशरमध्ये चालेल अशी सूचना दिसली तर प्लेट विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली, मग समोर नेपोलियन असो वा वॉशिंग्टन.

समोरची तारीख आणि तिचे सापळे

समोरची तारीख घटनेची असते. तरीही तिच्याकडून काही काढता येतं. सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक 26 जून 1902 ला ठरला होता. ऐन वेळी राजाची शस्त्रक्रिया करावी लागली आणि समारंभ 9 ऑगस्टला झाला. कारखान्यांचा माल तोवर तयार होता, म्हणून जूनची तारीख असलेल्या वस्तू सर्रास मिळतात आणि त्या घटनेआधी घडल्या हे निश्चित होतं. आठव्या एडवर्डचा राज्याभिषेक 12 मे 1937 ला व्हायचा होता. त्यानं डिसेंबर 1936 मध्येच गादी सोडली, तरी प्लेट्स भरपूर निघालेल्या होत्या. कधीच न झालेल्या समारंभाची म्हणून ती दुर्मीळ असेल, हा समज खोटा आहे.

अमेरिकी झेंडा असेल तर तारे मोजा. 45 तारे 1896 ते 1908, 46 तारे 1912 पर्यंत, 48 तारे 1912 ते 1959, आणि 50 तारे 4 जुलै 1960 पासून. 13 ताऱ्यांचा झेंडा मात्र शोभेसाठी केव्हाही काढतात.

सर्वांत मोठा सापळा फ्रान्सच्या क्रांतीच्या प्लेट्सचा. नेव्हेर आणि इतर ठिकाणच्या कुंभारांनी 1789 नंतर लाल टोपी, कोंबडा, ‘राष्ट्र चिरायू होवो’ अशा घोषणा आणि वर्षाचा आकडा हातानं रंगवलेल्या प्लेट्स केल्या. बहुतेकींवर निर्मात्याची खूण नाही. एकोणिसाव्या शतकात त्या जमवण्याची हौस वाढली आणि नकला निघाल्या, समोर 1793 लिहूनच. अशा प्लेटवर रंगवलेल्या वर्षाला पुरावा मानू नका. झीज कुठे आहे ते पाहा. खरी झीज बुडाच्या कडेवर आणि सुऱ्या-काटे लागतील तिथे असते. सगळीकडे सारखी, एकाच दिशेच्या ओरखड्यांची झीज दिसली तर ती मुद्दाम केलेली आहे.

माती आणि छपाई काय सांगतात

प्लेटमागे टॉर्च लावून पुढे बोटं हलवा. सावली दिसली तर पोर्सेलीन किंवा बोन चायना, उजेड अडला तर मातीची किंवा दगडी जातीची. बुडाच्या कडेशी झिलई साचते तिथला रंग पाहा: पिवळसर-हिरवट असेल तर क्रीमवेअर (मलईरंगी मातीची भांडी), निळसर असेल तर पर्लवेअर (निळसर-पांढऱ्या झाकेची). पाठीवर तीन-तीनच्या गटात बारीक टोचे असतील तर ते भट्टीत प्लेट टेकवलेल्या आधारांचे.

मग चित्रावर भिंग धरा. तांब्याच्या पत्र्यावरून पातळ कागदाद्वारे उतरवलेलं चित्र रेघा आणि टिंबांचं असतं आणि काठाच्या नक्षीत कुठेतरी कागदाचा सांधा सापडतो, वेल मध्येच तुटून पुन्हा सुरू झालेली. चार रंगांच्या नियमित ठिपक्यांची जाळी दिसली तर छपाई यांत्रिक, विसाव्या शतकातली. जुन्या निळ्या प्लेटवर अशी जाळी दिसली की पाठीवरची खूण कितीही जुनी वाटो, विषय तिथेच संपतो.

खूणच नसेल तर काठ वाचा

सेटमधल्या प्रत्येक प्लेटवर खूण असेच असं नाही. 1820 ते 1840 च्या दरम्यानच्या निळ्या स्टॅफर्डशायर प्लेट्ससाठी मात्र काठाची नक्षी ही जवळजवळ सहीच आहे. मधलं चित्र कोणीही दुसऱ्याच्या छापील चित्रावरून उचलत असे. काठ कारखान्याचा स्वतःचा असे. इनॉक वूडचे शिंपल्यांचे काठ प्रसिद्ध आहेत. जोसेफ स्टब्सच्या काठात फुलांच्या वेलीत गरुड बसलेले आहेत. वॉशिंग्टनचं चित्र आणि फितीवर पंधरा राज्यांची नावं गुंफलेला काठ क्लूजचा. म्हणून संग्रहालयांच्या ऑनलाइन संग्रहात तुलना करताना मधल्या चित्रावरून सुरुवात करा, पण निकाल काठावरून द्या. काठातली पानं, शिंपले आणि त्यांचा क्रम घड्याळाच्या काट्याप्रमाणे मोजत जा. एक घटक जरी वेगळा निघाला तरी थांबा, कारण चालणाऱ्या मालाची नक्कल शेजारचा कारखाना करत असे.

नोंद कशी करावी

शोध कुठवर पोहोचला ते लिहून ठेवताना शब्द जपून वापरा. दाबलेला ठसा असेल तर ‘अमुकची’ लिहा. नुसत्या काठावरून ठरवलं असेल तर ‘काठावरून अमुकची मानलेली’ लिहा, आणि आयातदारच कळला असेल तर निर्मात्याची जागा रिकामी सोडा. सोबत व्यास, बुडाच्या कडेचा व्यास, वजन, मातीचा प्रकार, खुणेचा पेन्सिलनं उतरवलेला ठसा आणि तिरप्या उजेडातला फोटो जोडा. हे मोजमाप क्षुल्लक वाटतं, पण त्याच ठशाची दुसरी प्लेट समोर आली की तुलना त्यावरच होते.

टिपण आम्लरहित कागदावर पेन्सिलनं लिहा आणि प्लेटमागे सुटं ठेवा. चिकटपट्टी सोन्याची कड उचलून आणते, आणि भिंतीवर टांगायचे स्प्रिंगचे तारेचे हूक कडेवर सतत ताण देतात. जुन्या प्लेटचे ते हूक आधी काढा, एका हातानं प्लेट टॉवेलवर दाबून धरून, दुसऱ्या हातानं स्प्रिंग ताणून, कडेवर न घासता.